ज्येष्ठमधाच्या पोत्यांतून

घसा बसला की आजी ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरायला द्यायची. चघळून चघळून तिचे नुसते तंतू उरायचे. सप्टेंबर 2022 मध्ये न्हावा शेवा बंदरातल्या एका कंटेनरमध्ये असाच ज्येष्ठमध सापडला, सुमारे 22 टन. दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने सांगितलं, की त्याला हेरॉइनचा लेप दिलेला होता आणि ते हेरॉइन भरलं सुमारे 345 किलो. म्हणजे किलोमागे पंधरा-सोळा ग्रॅम. पोतं उघडून हाताने चाळलं तरी काय कळणार?

त्या कंटेनरचा पत्ता लागला तो दिल्लीत. तिथे आधी दोन अफगाण नागरिक पकडले गेले होते. त्यांच्या चौकशीतून धागा उरणच्या या किनाऱ्यापर्यंत आला. त्याच वर्षी जुलैमध्ये पंजाब पोलिसांच्या माहितीवरून नवी मुंबईत एका कंटेनरमधून 70 किलोंहून जास्त हेरॉइन निघालं होतं. मला या दोन्ही प्रकरणांतली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बंदरातला माल बंदरात उभं राहून दिसत नाही. 2022-23 मध्ये इथे वीस फुटी मापाने 60 लाखांवर कंटेनर हाताळले गेले, दिवसाला सरासरी सोळा हजारांच्या वर. प्रत्येकाचं सील तोडायचं म्हटलं तर देशाचा व्यापारच थांबेल. म्हणून कस्टम्स आधी कागद वाचतं: आयातदार नवा आहे का, माल कुठून कुठे फिरून आला, एवढ्या स्वस्त मालासाठी एवढं भाडं कोण भरतं. संशय आला की स्कॅनर, आणि मग प्रत्यक्ष तपासणी.

ऑगस्ट 2020 मध्ये डीआरआय, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालय, आणि कस्टम्स यांनी इथे 191 किलो हेरॉइन धरलं. आयुर्वेदिक औषधी म्हणून दाखवलेल्या मालात प्लास्टिकचे पाइप होते, बांबू वाटावेत असे रंगवलेले. कुणीतरी बसून त्या पाइपांवर ब्रश फिरवला असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुढच्या जुलैत इराणहून आलेल्या मालात सुमारे 300 किलो हेरॉइन मिळालं; ऑक्टोबर 2022 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फळांच्या खोक्यांत 50 किलो कोकेन.

बातम्यांत या मालाची किंमत कोटींत येते. मला ती फसवी वाटते. कायद्याचं माप जास्त बोलकं आहे: हेरॉइनची ‘अल्प मात्रा’ 5 ग्रॅमपर्यंत, ‘व्यापारी मात्रा’ 250 ग्रॅमच्या वर. त्या 191 किलोंतून पाच ग्रॅमचे 38,200 वाटे पडतात. वाटा पुढे पुडीत जातो, पुडीतली पूड सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी पन्नीवर, आणि पन्नीखाली काडी पेटते.

हे पहिल्यांदा आपल्याकडे घडलं ते ऐंशीच्या दशकात, ‘गर्द’ या नावाने. अमली पदार्थांचा कायदा 1985 चा, नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरो मार्च 1986 चा. आणि त्याच वर्षी 29 ऑगस्टला पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचटांची गर्दवरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला धावले होते. न्हावा शेवा बंदर त्यानंतर तीन वर्षांनी, 1989 मध्ये सुरू झालं. पकडणारे आणि बरे करणारे असे एकाच लाटेतून उभे राहिले, पण पुढे एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानी फारसा गेला नाही.

खरं तर कायद्यातच त्यांना जोडणारा पूल आहे. कलम 64अ सांगतं, की अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाऊ शकते. ‘गर्दुल्ला’ म्हणून हाकलला गेलेला मुलगा हे कलम कुठून वाचणार? ते त्याला पोलीस ठाण्यातच, त्याच्या भाषेत, कुणीतरी सांगायला हवं. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, सुरू झालेली असते, हाडं ठणकत असतात, नाक-डोळे वाहत असतात. त्या अवस्थेत त्याला कोठडी आणि दवाखाना यांतला फरकही धड कळत नाही.

2019 मध्ये एम्सच्या तज्ज्ञांचा देशव्यापी अहवाल आला. अफूजन्य पदार्थ घेणारे दोन कोटींहून जास्त, त्यांत सगळ्यांत पुढे हेरॉइन. उपचार मात्र फार थोड्यांच्या वाट्याला. 191 किलो पकडले त्याच महिन्यात, 15 ऑगस्ट 2020 ला, 272 जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झालं. 14446 हा मदतीचा क्रमांकही आहे. पण अभियानात शपथ घेणं आणि केंद्रात खाट मिळणं यांत अंतर असतं. मुक्तांगणात राहण्याचे दिवस साधारण पस्तीस. खरी परीक्षा घरी परतल्यावर सुरू होते, म्हणून तिथे बायकांनाही वेगळं बोलावून बसवतात. नवऱ्याचं व्यसन झाकता झाकता त्या स्वतःच खचलेल्या असतात.

पकडलेला माल पुरावा म्हणून मोजला जातो, न्यायालयाच्या देखरेखीखाली नमुने निघतात आणि उरलेलं तळोज्याच्या भट्टीत जळतं. बंदरापासून ती भट्टी फार लांब नाही. मुक्तांगणात वाढदिवस होतात, ते व्यसन सुटलेल्या दिवसापासून मोजलेले. एखादा चाळिशीतला माणूस उभा राहतो आणि सांगतो, मी आज दोन वर्षांचा झालो.