जुना स्पीकर, ताजा दणका

तबल्याची थाप अंगावर यायला हवी असेल, तर जुना स्पीकर घेताना आधी त्याच्या सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघा. जो आवाज काढायला ८५ डेसिबलवाल्याला १०० वॅट लागतात, तो १०५वाला एका वॅटमध्ये काढतो. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांचा १९४६ पासूनचा क्लिप्शहॉर्न या दुसऱ्या जातीचा. खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतीच त्याच्या कर्ण्याचा पुढचा भाग होतात. मोकळा कोपरा नसेल तर त्याच्या नादी लागू नका!

कुठलाही जुना स्पीकर घेताना जाळी काढायला लावाच. कोनभोवतीच्या फोमच्या कडेचा बोट लावताच भुगा झाला, तर ती बदलणं आलं. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारखा, अलगद आत दाबा. खरखर आली? व्हॉइस कॉइल घासतेय. लाकडाचं पॉलिश कितीही चकचकीत असो, मी तिथून उठतो.