विंचवाचं विष आणि हृदयाची दारं

मुलांनो, मनगटावर दोन बोटं ठेवून बघा. नाडी लागली? मिनिटाला ऐंशी-नव्वद ठोके मोजाल. हा ताल कोण सांभाळतं, ठाऊक आहे? हृदयाच्या पेशींना अगदी सूक्ष्म दारं असतात. एका दारातून सोडियम आत शिरतो, दुसऱ्यातून कॅल्शियम, की पेशी आकसते. मग पोटॅशियम तिसऱ्या दारानं बाहेर पडतो आणि पेशी सैल होते. दारं वेळेवर उघडली, वेळेवर मिटली, की ताल बरोबर! सोडियम म्हणजे आपल्या मिठातलाच, बरं का. फक्त इथं तो विजेचा भार घेऊन फिरतो, म्हणून त्याला ‘आयन’ म्हणायचं. मज्जातंतूंनाही अशीच दारं असतात.

आता आपल्या बीडकडे या. बालाघाटाच्या डोंगरात दगड उचलावा तर खाली विंचू! (‘इंचू’ म्हणा हवं तर.) आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली पोरं कोपीतल्या विंचवाची गोष्ट सांगू लागली, की सारा वर्ग चिडीचूप होतो. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण जिवावर बेततो तो लहानखुरा लाल विंचू. त्याचं विष मज्जातंतूंच्या सोडियमच्या दारात जणू पाचर ठोकतं. दार नीट मिटतच नाही! मग शरीरात अ‍ॅड्रिनलिनचा लोंढा येतो. हृदय उधळलेल्या बैलासारखं धावतं, ठोके चुकतात, रक्तदाब चढतो. हृदय थकलं, की फुप्फुसात पाणी भरतं.

जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. तिथं विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत दगावत. डॉक्टर खाटेजवळ बसून नाडी, घाम, रक्तदाब टिपत राहिले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबाची ‘प्राझोसिन’ नावाची साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली, आणि मुलं वाचू लागली! १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी हे इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा. दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार पडले, तर क्षणभरही थांबू नका.

गंमत पुढेच आहे. याच लाल विंचवाच्या विषात १९९० साली ‘आयबेरिओटॉक्सिन’ सापडलं. ते पोटॅशियमचं एका जातीचं दार बंद करतं. कुठलं दार काय काम करतं, हे शोधायला शास्त्रज्ञ आता तेच वापरतात.