माहेरच्या नावाचा रकाना

अमेरिकेतील क्रांतियुद्धात लढलेल्यांच्या वंशजांच्या एका संस्थेने १८९० साली स्त्रियांस सभासदत्व नाकारले. त्याच वर्षी तेथील स्त्रियांनी वॉशिंग्टन येथे ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही आपली स्वतंत्र संस्था उभी केली. त्याच सुमारास ‘कलोनियल डेम्स’ या नावाच्या संस्थाही निघाल्या. त्यांत प्रवेश मिळण्यास १७७६ च्या पूर्वी वसाहतीत येऊन राहिलेल्या पूर्वजापर्यंतची पिढीवार वंशावळ कागदपत्रांनिशी सिद्ध करावी लागते. या स्त्रियांनी जुनी घरे राखली, वस्तुसंग्रहालये चालविली, दप्तरे जपली. हे त्यांचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घरांसही असे काही हवे, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटते. येथील कुणबी, माळी, महार, मांग इत्यादी मराठीभाषी कुटुंबांपैकी पुष्कळशी वऱ्हाड व चांदा भागातून, निजामी अमलात, नव्या जमिनीच्या ओढीने आली. त्यांनी रान साफ केले, विहिरी खणल्या, कापूस-ज्वारी पेरली. पण कागद मागावा तर तो कोठून आणावा? सरकारी दप्तर उर्दूत होते, आणि पट्टा असलाच तर तो पुरुषाच्या नावे. घरोघरी वंशवेल सांगितली जाते ती बाप, आजोबा, पणजोबा अशी. सून आली की तिचे माहेरचे नाव पुसले जाते, पुष्कळदा पाळण्यातलेही.

वास्तविक स्थलांतराची खरी आठवण स्त्रियांपाशीच असते. कोणत्या वर्षी पैनगंगेस पूर आल्याने वऱ्हाड अलीकडेच अडकले, कोणाची लेक कोणत्या गावी दिली, हे त्यांच्या तोंडी राहते. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आमच्या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. तेव्हा अनेकींचे माहेर एका रात्रीत परराज्यात पडले. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांचे बोल तरी उरले. सीमेपलीकडच्या आमच्या आजींपाशी मात्र वही घेऊन फारसे कोणी बसले नाही.

तथापि अमेरिकन धडा पुरता वाचला पाहिजे. १९३९ साली वॉशिंग्टन येथील आपल्या सभागृहात मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेस गाण्यास याच ‘डॉटर्स’नी मज्जाव केला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्यावर संस्थेचा राजीनामा दिला, आणि ते गाणे लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, सुमारे पंचाहत्तर हजार श्रोत्यांसमोर झाले. ‘आम्ही आधीचे’ या अभिमानाला कुंपण घालण्याची खोड असते.

आणि येथे ‘आधीचे’ तरी आपण कुठे? आपल्याआधी या रानात गोंड व कोलाम होते. आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या व सावकारांच्या रेट्याने गोंडांच्या हातून जमिनी कशा सुटत गेल्या, हे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४० नंतर येथे राहून लिहून ठेविले आहे. त्याच वर्षी कुमरम भीम यांचा जोडेघाट येथे अंत झाला. हे वाचताना आम्हां मराठी घरांस अवघडल्यासारखे होते, होऊ द्यावे. पणजोबांनी रान साफ केले हे ज्या वहीत लिहायचे, तिच्यातच ते रान कोणाचे होते हेही लिहावे लागेल.

म्हणून आमची सूचना अशी. बेला, जैनद, तामसी अशा गावोगावच्या भगिनींनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. जात, पट्टा, कागद यांची अट नको. वही साधी, शाळेतल्या हजेरीपटासारखी असावी. पहिल्या रकान्यात बाईचे पाळण्यातले नाव, दुसऱ्यात माहेरचे गाव व आडनाव, तिसऱ्यात आईचे माहेर, तिला ठाऊक असेल तेथवर. चौथा रकाना शेताच्या जुन्या नावासाठी. आणि ते नाव गोंडी असेल, तर ते सांगणाऱ्या गोंड बाईचे नाव शेजारी, तिच्या संमतीने. रेघा आमच्या शाळेतली मुले ओढून देतील.