मेलॅनोमा, श्लेष्मकलेचा
नाक, तोंड, गुदांत्र, योनिमार्ग इ. पोकळ्यांच्या ओलसर अस्तराला श्लेष्मकला म्हणतात. तीमधील रंजक कोशिकांपासून (मेलॅनीन हे काळपट रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींपासून) उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदाला (घातक गाठीला) हे नाव आहे. रंजक कोशिका भ्रूणावस्थेत त्वचेप्रमाणेच श्लेष्मकलेतही जाऊन स्थिरावतात. त्यामुळे सूर्यप्रकाश कधीच न पोहोचणाऱ्या जागीही हा रोग होतो व जंबुपार किरणांशी त्याचा संबंध आढळत नाही. निश्चित कारण ज्ञात झालेले नाही.

गोऱ्या लोकांतील एकूण मेलॅनोमांपैकी सु. १ टक्काच श्लेष्मकलेत होतात. चीनमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक आहे. मात्र याचे मुख्य कारण तेथे त्वचेचा मेलॅनोमा विरळा असतो, हे होय. निम्म्याहून अधिक अर्बुदे डोके व मान या भागांत, विशेषतः नासागुहा, टाळू व वरची हिरडी येथे होतात. त्याखालोखाल गुदांत्र-गुदद्वार आणि स्त्री-जननेंद्रिये यांचा क्रम लागतो. रुग्ण बहुधा साठीच्या पुढचे असतात. एका नाकपुडीतून वारंवार रक्त येणे, टाळूवर काळा डाग पडणे, शौचावाटे रक्त जाणे ही लक्षणे होत. शेवटचे लक्षण मूळव्याधीचे समजून पुष्कळदा महत्त्वाचे महिने वाया जातात.

ऊतकीय प्रकार : सूक्ष्मदर्शकाखाली कोशिकांच्या रूपावरून काही प्रकार ओळखतात. उपकलासदृश प्रकारात कोशिका मोठ्या व बहुभुजी असून केंद्रकिका ठळक असते. तर्कुरूप (चातीप्रमाणे दोन्ही टोकांस निमुळत्या) कोशिका जुडग्यांनी राहतात व संयोजी ऊतकाच्या मांसकर्काचा भास निर्माण करतात. लहान गोल कोशिकांचा प्रकार सर्वांत फसवा होय. नाकात तो लसीकार्बुद किंवा घ्राणतंत्रिकेचे अर्बुद म्हणून सहज खपून जातो. केंद्रक एका कडेला सरकलेल्या कोशिकांमुळे प्लाविका कोशिकांच्या अर्बुदाचाही भ्रम होतो. एकाच गाठीत अनेक प्रकार मिसळलेले असू शकतात. शिवाय काही अर्बुदांत रंगद्रव्य मुळीच नसते. अशा वेळी प्रतिपिंडांच्या साहाय्याने केलेले अभिरंजन निर्णायक ठरते : एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५ वा मेलान-ए ही प्रथिने आढळतात, केराटीन सहसा आढळत नाही. गाठीलगतच्या उपकलेच्या तळथरात रोगट कोशिका दूरवर पसरलेल्या असू शकतात. म्हणून डोळ्यांना दिसणारी कड ही रोगाची खरी कड नव्हे.

त्वचेतील खोली मोजण्याची क्लार्क यांची पद्धत येथे लागू पडत नाही, कारण श्लेष्मकलेत त्वचेसारखे थर नसतात. डोके व मान यांतील अर्बुदांच्या टीएनएम वर्गीकरणात गाठीची पहिली दोन अवस्थाच ठेवलेली नाहीत. लहानशी गाठही तिसऱ्या अवस्थेत गणतात.

भारतीयांच्या हिरड्यांवर दोन्ही बाजूंस सारखा पसरलेला काळेपणा नैसर्गिक असतो. एकाच बाजूचा, नव्याने उमटलेला वा वाढत जाणारा डाग असल्यास मात्र जीवोतक परीक्षा (ऊतकाचा तुकडा काढून केलेली तपासणी) आवश्यक असते.

उपचार : गाठ भोवतालच्या निरोगी ऊतकासह काढून टाकणे हा मुख्य उपाय होय. प्रारण चिकित्सेने स्थानिक पुनरुद्‌भव कमी होतो. आयुर्मान वाढतेच असे नाही. निदानानंतर पाच वर्षे जगणारे रुग्ण सु. एक-चतुर्थांश असल्याचे १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आढळले. इपिलिमुमॅब (२०११), पेम्ब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब (२०१४) ही रोगप्रतिकारयंत्रणेला चेतविणारी औषधे तेथे मान्य झाल्यावर काहींना लाभ झाला, परंतु त्वचेच्या मेलॅनोमाइतका नाही. त्वचेत वारंवार आढळणारे बीआरएएफ जीनातील उत्परिवर्तन येथे थोड्याच रुग्णांत असते. केआयटी जीनात उत्परिवर्तन असलेल्यांपैकी काहींत इमॅटिनिब या औषधाने गाठ आकसते.