घाटघरचे पट आणि पेढीवरचा संगणक

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर हे लहानसे गाव आहे. (अकोले तालुक्यातही याच नावाचे गाव आहे; पावसाच्या आकड्यांमुळे दर आषाढात वर्तमानपत्रांत येते ते बहुधा ते.) जुन्नरच्या या घाटघराला जीवधन किल्ल्याची पाठराखण आहे आणि गावापासून थोडे पुढे गेले की नाणेघाटाची खिंड लागते. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून वर चढे आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात दान दिलेल्या गायींचे, हत्तींचे आणि कार्षापणांचे आकडे अंकचिन्हांत कोरलेले आहेत आणि भारतीय अंकलेखनाच्या अतिप्राचीन पुराव्यांत त्यांची गणना होते. हिशोबाची अशी जुनी वही महाराष्ट्रात दुसरी सापडणे कठीण.

या घाटवाटेवर आणखी एक नोंद आहे. तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष बरेच उशिरा गेले. खडकावर ठिकठिकाणी खेळांचे पट कोरलेले आहेत. कुठे मंकला जातीच्या खेळाचे उथळ खळगे, तर कुठे नवकंकरीसारख्या खेळाच्या रेषा. कोरीव घरांवर सालाचा शिक्का नसतो. परंतु जकात चुकती होईपर्यंत, बैलांना विसावा मिळेपर्यंत किंवा पाऊस ओसरेपर्यंत थांबलेल्या वाटसरूंनी येथे खडे मांडले असतील, हा तर्क सहज पटण्यासारखा आहे. या पटांना मालक नव्हता. खडे ज्याचे त्याने वेचावेत, नियम सर्वांना ठाऊक, आणि खेळ संपल्यावर पट पुढच्या तांड्यासाठी जागच्या जागी.

जैन घरांना ही रीत परकी नाही. पर्युषणात खेळली जाणारी ज्ञानबाजी, म्हणजे सापशिडीची जुनी बहीण, कित्येक घरांत हाताने रंगवलेल्या कापडावर किंवा कागदावर असे. जैन पट प्रायः चौऱ्याऐंशी घरांचा. वैष्णव परंपरेत तोच खेळ बहात्तर घरांचा, सूफी परंपरेत शंभर घरांचा झाला. ज्याने नक्कल केली त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घरांची नावे बदलली आणि कोणी कोणावर दावा लावला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडच्या बाजारात खोक्यात बंद होऊन विकला जाऊ लागला, तेव्हा त्यातील कर्मसिद्धान्त गळाला आणि किंमत आली.

आजच्या पेढीवर निराळे चित्र दिसते. गल्ल्यामागच्या टेबलावर एक संगणक असतो. दिवसभर त्यावर बिले निघतात, महिन्याच्या ठरलेल्या तारखांना जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात आणि दुकान वाढवल्यावर घरातले मूल त्याच यंत्रावर खेळ मागते. मग ओळखीचा ‘कॉम्प्युटरवाला’ येतो आणि पेनड्राइव्हमधून विंडोज, ऑफिस आणि दोन-चार महागडे खेळ ‘टाकून’ देतो. जे हजारोंना मिळते ते काही शेकड्यांत आटोपते. या व्यवहाराला घरात कोणी चोरी म्हणत नाही. ‘सगळेच वापरतात’ एवढे त्याचे समर्थन असते.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत मात्र या व्यवहाराची नोंद केव्हाचीच झालेली आहे. चोरीने आणलेली वस्तू घेणे हा एक अतिचार, अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे हा दुसरा. वजनमापातील लबाडीही त्यांच्याच पंगतीला बसवलेली आहे. तराजूच्या बाबतीत काटेकोर असणारी घरे संगणकाच्या बाबतीत इतकी सैल कशी, हा प्रश्न अवघडवणारा आहे. त्यात व्यवहाराचीही मोठी जोखीम आहे. कुलूप तोडलेला खेळ चालवण्यासाठी पुष्कळदा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. ती पाळली की दार उघडे पडते, आणि आत शिरणारा प्रोग्राम खेळाच्या शेजारी ठेवलेली खातेवही कुलूपबंद करून खंडणी मागू शकतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या अशाच खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील, विशेषतः सुरक्षेची दुरुस्ती न केलेली विंडोज यंत्रे ठप्प केली होती. नक्कल वापरणारा पुष्कळदा दुरुस्त्या घेणेही टाळतो, कारण घेतल्या तर नक्कल उघडी पडण्याची धास्ती असते. आता विंडोज १० ची नियमित विनामूल्य देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे, आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. चांगले चालणारे यंत्र भंगारात द्यावे की असुरक्षित ठेवावे, असा पेच अनेक पेढ्यांपुढे आहे.

या पेचातून निघण्याची एक वाट घाटघरच्या पटांसारखी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ‘लिनक्स’चा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. या जातीच्या सॉफ्टवेअरबरोबर चार मोकळिकी मिळतात: वापरण्याची, आतून तपासण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची. ‘फुकट’ हा शब्द येथे अपुरा पडतो, ‘मुक्त’ हा अधिक योग्य. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. त्यामुळे ‘आम्ही ते कधी वापरले नाही’ असे म्हणणारा व्यापारी बहुधा ते खिशात घेऊनच बोलत असतो.

त्याचे सर्वांत भव्य उदाहरण याच जुन्नर तालुक्यात आहे. घाटघरहून पूर्वेला निघून जुन्नर आणि नारायणगाव ओलांडले की खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लागते. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तिसांचे संकेत क्षणोक्षणी जुळवून एकत्र करण्याचे काम पूर्वी त्यासाठीच घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करीत असे. २०१० च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञांनी ते काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या, लिनक्सवर चालणाऱ्या समूहाकडे सोपवले. पुढे दुर्बीण सुधारताना त्यात ग्राफिक्स प्रोसेसर आले. हे ग्राफिक्स प्रोसेसर मुळात जन्मले मुलांच्या आणि तरुणांच्या खेळांसाठी, पडद्यावरची मोटार आणि डोंगर झरझर रंगवण्यासाठी. जी गणिते खेळातल्या चित्राला लागतात, तशीच असंख्य गणिते एकाच वेळी आकाशातल्या संकेताला लागतात. ‘खेळ म्हणजे वेळ वाया’ असे म्हणणाऱ्या आजोबांना दाखवावे असे हे उदाहरण आहे.

मग घरातल्या मुलाला लिनक्सवर खेळायला काय मिळते? लहान वयासाठी ‘जीकॉम्प्री’ आहे. अंकांपासून बुद्धिबळापर्यंत शंभराहून अधिक छोटे खेळ त्यात आहेत. नावाचा फ्रेंच अर्थ ‘मला समजले’. चित्रे काढण्यासाठी ‘टक्स पेंट’, शर्यतीसाठी ‘सुपरटक्सकार्ट’ आणि विटांवर विटा रचून जग उभारण्यासाठी ‘लुआंटी’, जे २०२४ पर्यंत ‘माइनटेस्ट’ म्हणून ओळखले जाई. ‘झिरो ए. डी.’ या इतिहासखेळात मौर्यांचे राज्य निवडता येते आणि चंद्रगुप्त त्यात नायक म्हणून येतो. तो खेळ युद्धाचाच आहे. श्रवणबेळगोळच्या डोंगरावर सल्लेखना घेणारा चंद्रगुप्त ज्या घराला ठाऊक आहे, तेथे मुलाशी थोडे बोलून मगच तो सुरू करून द्यावा. मुक्त आहे म्हणून प्रत्येक खेळ योग्य ठरत नाही, एवढे पालकांनी ध्यानात ठेवावे. रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या वस्तीच्या शाळेत २००७ मध्ये ‘ओएलपीसी’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले, तेही लिनक्सवरचेच होते. त्या मुलांची संगणकाशी पहिली ओळख खेळता खेळता, याच प्रणालीवर झाली.

मोठ्या मुलांची मागणी वेगळी असते. त्यांना मित्र खेळतात तेच हवे असते, आणि ते खेळ विंडोजसाठी बनलेले असतात. येथे १९९३ पासून चालत आलेला ‘वाइन’ हा मुक्त प्रकल्प उपयोगी पडतो. तो विंडोजच्या प्रोग्रामांना लिनक्सवर चालण्याची सोय करून देतो. त्याच पायावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणले आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे ‘स्टीम डेक’ हे हातातले खेळयंत्र बाजारात उतरवले. आता ‘स्टीम’च्या दुकानातून रीतसर विकत घेतलेले हजारो खेळ लिनक्सवर चालतात. येथे एक भेद स्पष्ट असावा. प्रणाली मुक्त आहे, खेळ मात्र विकतचा आहे आणि त्याचे पैसे द्यायचे असतात. सवलतीच्या दिवसांत ते पैसे पुष्कळदा एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी पडतात. सर्वच खेळ मात्र चालत नाहीत. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ त्यांच्या लबाडीरोधक बंदोबस्तामुळे लिनक्सवर खेळता येत नाहीत. ज्या मुलाचे सारे मित्र त्यांतच रमले आहेत त्याला ही वाट आवडणार नाही, आणि हे त्याला आधीच सांगितलेले बरे.

मुक्त म्हणजे बेवारस, असा समज व्यापारी मनात पटकन होतो. बुद्धिबळाच्या जगात त्यावरून मोठा वाद झाला. ‘स्टॉकफिश’ हे जगातील अत्यंत बलवान बुद्धिबळ इंजिन मुक्त परवान्याखाली आहे. ते कोणीही घ्यावे, विकावेसुद्धा. अट एकच, की पुढच्या ग्राहकालाही मूळ आज्ञावली आणि तेच हक्क मिळाले पाहिजेत. ही अट मोडून त्यावर आधारलेली उत्पादने विकल्याचा आरोप करून स्टॉकफिशच्या लेखकांनी २०२१ मध्ये ‘चेसबेस’ या जर्मन कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयात दावा केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये समेट झाला आणि कंपनीने ती उत्पादने विकणे थांबवण्याचे मान्य केले. पैसा न घेता दिलेल्या वस्तूलाही शर्त असते आणि ती पाळणे हीच तिची किंमत. हुंडीच्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार केलेल्या समाजाला हे समजणे कठीण नसावे.

पेढीचा प्रश्न खेळापेक्षा नाजूक आहे. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. ज्या पेढीचे सनदी लेखापाल टॅलीचीच फाइल मागतात, तिने त्यासाठी परवान्याचे विंडोज असलेले एक यंत्र वेगळे ठेवावे आणि त्यावर कोणालाही खेळू देऊ नये. अन्यत्र मुंबईतच तयार झालेले पर्याय आहेत. कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने ‘जीएनयूखाता’ हे हिशोबाचे मुक्त सॉफ्टवेअर घडले. माने स्वतः दृष्टिहीन आहेत. ‘ईआरपीनेक्स्ट’ची कथा व्यापारी घरांना अधिक जवळची वाटेल. रुषभ मेहता यांनी कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायासाठी नीट चालणारी प्रणाली मिळेना म्हणून ती स्वतःच लिहायला घेतली आणि लिहून झाल्यावर सर्वांना खुली केली. आज मालसाठा, बिले आणि जीएसटी सांभाळणारी ही प्रणाली देशोदेशी वापरली जाते. अशा कामांना पैसा कोठून येतो, हा प्रश्न विचारायलाच हवा. काही कंपन्या सेवा विकतात, काही देणग्यांवर चालतात. झिरोधाने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. ज्याचा उपयोग होतो त्याला आपणही थोडे द्यावे, यात नवीन काही नाही.

प्रारंभ करायचा तर खातेवहीच्या यंत्रापासून मुळीच करू नये. घरात अडगळीत पडलेला आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप घ्यावा, लिनक्स मिंट किंवा उबुंटूची प्रत पेनड्राइव्हवर उतरवावी आणि त्यावरूनच यंत्र सुरू करून पाहावे. असे पाहताना आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. मराठी अक्षरे नीट दिसतात की नाही ही काळजी नको; या प्रणालींवर वर्षानुवर्षे दिसणारे ‘लोहित’ टंक पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकच्या कामातून पुढे आलेले आहेत. बिलाचा प्रिंटर आणि डिजिटल सहीचा टोकन जोडून मात्र आधी चाचणी घ्यावी, कारण अडचण येते ती तेथेच. पहिले काही आठवडे चिडचिड होईल. मुले मोठ्यांच्या आधी शिकतील आणि मग मोठ्यांना शिकवतील.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, खोडदची दुर्बीण सर्वसामान्यांना पाहण्यासाठी खुली असते आणि तेथे शाळकरी मुलांचे विज्ञानप्रदर्शन भरते. पहाटे पुण्याहून निघालेले कुटुंब सकाळी तेथे थांबून दुपारनंतर जुन्नरमार्गे घाटघरला पोहोचू शकते. फेब्रुवारीत खिंडीतला खडक कोरडा असतो. खळगे शोधायला थोडा वेळ लागतो. खडे मात्र तेथेच मिळतात.