हायड्रेटचा ध्वनिवेध

बंगालच्या उपसागरात, कृष्णा आणि गोदावरी यांच्या मुखांपुढे, सुमारे 1,000 मीटर पाण्याखालच्या गाळात मिथेन वायू बर्फासारख्या घनरूपात साठलेला आहे. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेनचे रेणू अडकून बनलेल्या या स्फटिकाला गॅस हायड्रेट म्हणतात. तो टिकण्यासाठी कमी तापमान आणि जास्त दाब एकाच वेळी लागतात, आणि त्याचा एक घनमीटर विघटित झाला तर पृष्ठभागावरील दाबाला सुमारे 160 घनमीटर वायू मोकळा होतो. अशा साठ्याचा पहिला ठाव ध्वनितरंगांनीच घ्यावा लागतो.

जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या एअरगनमधून दाबाखालची हवा एकाएकी सोडली जाते, तिचा तरंग पाण्यातून गाळात शिरतो, आणि जिथे थराची घनता किंवा तरंगाचा वेग बदलतो तिथून त्याचा काही अंश परावर्तित होऊन लांब केबलवर बसवलेल्या हायड्रोफोनपर्यंत येतो. एकाच परावर्तनाला जवळच्या आणि दूरच्या हायड्रोफोनपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळांतील फरकावरून थरांतील वेग काढता येतो. पाण्याने भरलेल्या मऊ गाळात हा वेग सेकंदाला 1,500 ते 1,600 मीटरच्या आसपास असतो. शुद्ध हायड्रेटमध्ये तो 3,300 मीटरच्या वर जातो, तर गाळात मोकळ्या वायूचे थोडेसे बुडबुडे असले तरी तो झपाट्याने घसरतो. त्यामुळे हायड्रेटयुक्त थराच्या तळाशी, खाली मोकळा वायू असल्यास, एक ठळक परावर्तन उमटते, ज्याची ध्रुवता समुद्रतळाच्या परावर्तनाच्या उलट असते आणि जे गाळाच्या थरांना छेदत समुद्रतळाला समांतर जाते, कारण हायड्रेटची खालची मर्यादा थर ठरवत नाहीत, तापमान आणि दाब ठरवतात. मात्र ही खूण हायड्रेट किती आहे हे सांगत नाही; त्याची खात्री ड्रिलिंग करूनच होते. 2006 मध्ये भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेत ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने केरळ-कोकण खोऱ्यातही ड्रिलिंग केले, आणि तिथे हायड्रेट आढळले नाही.

वेगावरून प्रमाण काढण्याची अडचण सच्छिद्र खडकाच्या रचनेतच आहे. मॉरिस बियो यांनी 1956 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार अशा माध्यमात दोन अनुतरंग (ज्यांत कंपन तरंगाच्या दिशेतच होते) असतात: एकात कणांचा सांगाडा आणि छिद्रांतील द्रव बरोबरीने हलतात, तर दुसऱ्या, संथ तरंगात ते एकमेकांच्या उलट दिशेने हलतात. हा संथ तरंग इतक्या लवकर विरतो की तो प्रयोगशाळेत प्रथम दिसायला 1980 साल उजाडले. सर्वेक्षणात तो हायड्रोफोनपर्यंत कधीच येत नाही, पण थरांच्या प्रत्येक सीमेवर जलद तरंगाची काही ऊर्जा त्याच्याकडे वळते आणि तिथेच संपते. म्हणून गाळ जितका अधिक थरांचा, तितका परतणारा तरंग क्षीण. हायड्रेट हा दुसरा घन घटक धरला तर सिद्धांतात अनुतरंग तीन आणि अवतरंग (ज्यांत कंपन तरंगाच्या दिशेला लंब असते) दोन होतात. कॅनडातील मॅकेन्झी त्रिभुज प्रदेशात मॅलिक येथे हायड्रेटच्या थरांत वेग वाढलेला असूनही तरंग बराच क्षीण होत असल्याचे दिसले, आणि कडक खडकात ऊर्जा कमी वाया जाते हा साधा ठोकताळा तिथे लागू पडला नाही.

त्याहून निर्णायक प्रश्न हायड्रेट नेमके कुठे बसले आहे हा आहे. छिद्रातील पाण्यात ते तरंगत असेल तर अवतरंगाच्या वेगावर जवळपास परिणाम होत नाही. कणांना टेकून भार उचलत असेल तर दोन्ही वेग वाढतात. आणि कणांच्या सांध्यांवर सिमेंटसारखे जमले असेल तर अगदी थोडे प्रमाणही वेग एकदम चढवते. चिकणमातीची छिद्रे इतकी बारीक असतात की हायड्रेट त्यांत न वाढता भेगा रुंदावत त्यांत भरते.

पहिल्या मोहिमेतील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या, 10 क्रमांकाच्या ड्रिलिंगच्या ठिकाणी हेच घडले होते. तिथे मातीच्या थरांत, मुख्यतः तीव्र उताराच्या भेगांत, सुमारे 130 मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त भाग सापडला. गाळाचे गुणधर्म सर्व दिशांना सारखे आहेत असे धरून तरंगवेगावरून काढलेले हायड्रेटचे प्रमाण, मूळ दाब टिकवून वर आणलेल्या गाभ्यांच्या, म्हणजे ड्रिलने काढलेल्या गाळाच्या नमुन्यांच्या, मोजणीपेक्षा बरेच जास्त आले. ड्रिलिंगच्या उभ्या विवरात मोजला जाणारा तरंग उभ्या भेगांतील हायड्रेटच्या पत्र्यांना समांतर धावतो, म्हणून थोडे हायड्रेटही त्याला पुष्कळ वाटते. म्युंग ली आणि टिमथी कोलेट या संशोधकांनी हायड्रेटने भरलेली भेग आणि पाण्याने भरलेला गाळ असे दोन पदर धरून, दिशेनुसार वेग बदलणारे प्रतिमान वापरले, तेव्हा दोन्ही आकडे जुळले. मोजलेला वेग पहिल्यापासून बरोबर होता. चूक गृहीतकात होती.

म्हणून गाभ्याच्या पडताळणीशिवाय आणि गृहीतक न सांगता दिलेला साठ्याचा आकडा स्वीकारू नये. 2015 मध्ये ‘चिक्यू’ जहाजावरील दुसऱ्या मोहिमेत याच खोऱ्यात वाळूच्या थरांत हायड्रेटचे साठे आढळले. वाळूत ते कणांमधील छिद्रांत बसते, त्यामुळे मातीच्या भेगांसाठी जुळवलेले प्रतिमान त्या थरांना लावता येत नाही.