उघड्या पाठीचे हेडफोन आणि कानाचा हिशेब

मिहानमधल्या कंपन्यांत नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या टेबलावर हल्ली एक नवी वस्तू दिसते. मोठ्या, गादीदार वाट्यांचे हेडफोन, वाट्यांना बाहेरच्या बाजूने जाळी आणि शेजारी साबणाच्या वडीएवढी एक डबी. ही डबी म्हणजे ॲम्प्लिफायर. पगारातून पैसे बाजूला टाकून ही जोडी घेतली जाते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो खर्चाचा. दुसरा पडतो कानाचा. त्यावर मुलांचे उत्तर ठरलेले असते, "हे उघड्या पाठीचे आहेत, स्टुडिओत वापरतात तसले. यांनी कानाला काही होत नाही."

या उत्तरात अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याकडे मात्र नीट पाहायला हवे.

उघडी पाठ म्हणजे काय?

हेडफोनच्या वाटीत एक लहान पडदा असतो. तो थरथरला की आवाज जसा पुढे कानाकडे जातो, तसाच मागेही जातो. बंद वाटीत मागचा आवाज कोंडला जातो, उघड्या वाटीत तो जाळीतून बाहेर पडतो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली 'एचडी ४१४' हा असा हेडफोन बाजारात आणला आणि हा प्रकार रूढ झाला. यात गाणे डोक्याच्या आत वाजल्यासारखे न वाटता थोडे बाहेर, समोर बैठक जमल्यासारखे वाटते. तंबोरा कुठे, तबला कुठे हे कळते. स्टुडिओत निरनिराळे आवाज एकमेकांत जुळवताना म्हणूनच तो पसंत केला जातो. गायक माइकसमोर उभा असताना मात्र त्याला बंद वाटीचाच हेडफोन देतात, कारण उघड्यातून गळणारा आवाज माइक पकडतो.

आरोग्याच्या दृष्टीने याचे काही फायदे खरोखरच आहेत. नागपूरचा उन्हाळा कुणाला सांगायला नको. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना बंद वाटीत कान अक्षरशः शिजतो. पावसाळ्यात कानाची नळी सतत दमट राहिली की तिथे बुरशी धरते, खाज सुटते, कान जड होतो. मग घरोघरी कानात तेल सोडण्याचा उद्योग सुरू होतो, तो करू नये. उघड्या वाटीत हवा खेळती राहते आणि नळीत बोंडही बसत नाही, त्यामुळे या तक्रारी कमी. गाद्यांना केसांचे तेल लागते, तेवढ्या अधूनमधून ओलसर फडक्याने पुसून सुकवाव्यात. आणखी एक सोय म्हणजे दारावरची घंटा, पाळण्यातल्या बाळाचे रडणे, आईची हाक हे सारे ऐकू येते.

पण जाळीतून जशी हवा येते तसा बाहेरचा आवाजही येतो. सगळी मेख इथे आहे.

कूलरच्या घरघरीवर चढवलेला आवाज

एप्रिल ते जून आपल्याकडे घरोघरी खिडकीला कूलर लागलेला असतो. वाळ्याच्या ताट्या, पंप, पंखा यांची घरघर एवढी, की घरातली माणसेही एकमेकांशी जरा मोठ्याने बोलतात. अशा खोलीत उघड्या पाठीचे हेडफोन लावले तर कूलर थेट कानात येतो. गाण्यातले बारकावे ऐकू येईनात म्हणून बटण फिरवले जाते, थोडे, मग आणखी थोडे. शांत खोलीत जे गाणे ७० डेसिबलला सुखाचे वाटत होते, तेच इथे ८५ ला नेऊन ठेवले जाते आणि ऐकणाऱ्याला ते मोठे वाटतच नाही. कंपनीच्या बसमध्ये, खापरीहून सुटणाऱ्या मेट्रोत आणि विमानतळावरही हेच होणार. तिथे हा हेडफोन नेऊच नये. तिथे बंद वाटीचा किंवा बाहेरचा आवाज दाबणारा बरा.

कूलरच्या दिवसांसाठी एक साधी युक्ती आहे. कूलर सुरू करण्यापूर्वी, खोली शांत असताना बटण शून्यावरून हळूहळू वाढवत न्यावे आणि शब्द स्वच्छ ऐकू आले की थांबावे. त्या जागी स्केचपेनने खूण करावी. कूलर लागल्यावर बटण त्या खुणेपुढे जाऊ द्यायचे नाही. गाणे त्यात बुडत असेल तर कूलर कमी वेगावर करावा, नाहीतर गाणे पहाटे ऐकावे.

कान वही ठेवतो

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला एक अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या डोलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. फार मोठा किंवा फार वेळ चाललेला आवाज त्यांना थकवतो, पुढे मारतो. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. बहुधा पहिल्यांदा झीज होते ती ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे साध्या बोलण्याच्या सुरापेक्षा वरच्या भागात. त्यामुळे सुरुवातीला ऐकू येते सगळे, पण 'स', 'श', 'फ' असे वर्ण निसटतात. लग्नाच्या गर्दीत समोरचा काय म्हणाला ते कळत नाही. घरचे म्हणतात लक्ष नसते. प्रत्यक्षात कानच कमी पडत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ऐकण्याची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी सांगितली आहे. लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबल, ४० तास आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर येणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ९२ ला अडीच तास आणि ९८ ला आठवड्याभरात मिळून जेमतेम ३७-३८ मिनिटे.

आता मिहानमधल्या नोकरीचे उदाहरण घेऊ. एखादी मुलगी आठवड्याला ४० तास हेडसेट लावून ग्राहकांशी बोलते आणि आवाज सरासरी ७७ डेसिबल असतो. या पातळीला मर्यादा ८० तासांची, म्हणजे आठवड्याचा निम्मा वाटा कार्यालयातच खर्च झाला. घरी येऊन ती रोज दोन तास, आठवड्याला १४ तास, ८३ डेसिबलवर गाणी ऐकते. २० तासांपैकी १४ म्हणजे ७० टक्के. दोन्ही सवयी सुट्या पाहिल्या तर मर्यादेत आहेत, पण बेरीज १२० टक्के होते. कान कंपनीचा आणि घरचा असे दोन हिशेब ठेवत नाही. याच मुलीने घरचा आवाज फक्त ३ डेसिबलने खाली आणला, तर गाण्यांचा वाटा ३५ टक्क्यांवर येतो आणि बेरीज ८५. गाणे एक मिनिटही कमी करावे लागले नाही.

ॲम्प्लिफायर किती मोठा हवा?

हेडफोनच्या माहितीपत्रकावर दोन आकडे पाहावेत. पहिला इंपिडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. तो ओहममध्ये असतो. साध्या हेडफोनचा १६ ते ३२ ओहम, तर स्टुडिओतल्या काहींचा २५० किंवा ३०० ओहम. दुसरा आकडा संवेदनक्षमता, म्हणजे ठरावीक वीज दिली असता किती डेसिबल आवाज होतो. हा आकडा कोणी १ मिलिवॉटला देतो, कोणी १ व्होल्टला. दोन्हींत फरक असतो, म्हणून कशाला दिला आहे ते वाचल्याशिवाय दोन हेडफोनची तुलना करू नये.

समजा ३०० ओहमचा हेडफोन आहे आणि १ मिलिवॉटला ९७ डेसिबल देतो. एवढ्या विजेसाठी त्याला सुमारे ०.५५ व्होल्ट लागतात. फोनला जोडायच्या लहान डाँगलमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. म्हणजे "फोनवर हे वाजणारच नाहीत" हे सरसकट खरे नाही. ७५ डेसिबलच्या सुखाच्या पातळीला याच हेडफोनला मिलिवॉटचा दीडशेवा भागसुद्धा पुरतो. गाण्यात मध्येच तबल्याची थाप किंवा ताशाचा कडकडाट येतो, तो सरासरीच्या १५-२० डेसिबल वर जातो. त्याला धरूनही एक मिलिवॉटच्या आत काम भागते.

आणि बाजारात मिळणारे ॲम्प्लिफायर? एक वॅटचे सहज मिळतात. एक वॅट म्हणजे १००० मिलिवॉट, म्हणजे ३० डेसिबल अधिक. वरच्या हेडफोनला तो पूर्ण ताकदीने लावला तर १२७ डेसिबल होतील. जास्त वॅट म्हणजे जास्त चांगले, हे गणित मिरवणुकीतल्या डीजेवाल्याने करावे. इथे स्पीकर कानापासून बोटभर अंतरावर आहे.

मग ॲम्प्लिफायर घ्यावाच कशाला? काही हेडफोनना तो खरोखर लागतो. जास्त ओहमच्या हेडफोनला पुरेसे व्होल्ट लागतात आणि प्लॅनर जातीच्या काही हेडफोनना जास्त प्रवाह लागतो. दुसरे कारण ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या अडथळ्याचे. तो हेडफोनच्या इंपिडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा असा ढोबळ नियम आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपेक्षा कमी. नाहीतर बऱ्याच हेडफोनमध्ये खर्ज फुगतो, आवाज गढूळ होतो. जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह असलेले काही ॲम्प्लिफायर दिसायला फार देखणे, पण त्यांचा अडथळा जास्त असू शकतो. ते ३०० ओहमवाल्यांशी बरे जमतात, ३२ वाल्यांशी नाही. तिसरी गोष्ट कमी-जास्त गेनचा खटका. कानासाठी ही वॅटपेक्षा मोलाची सोय. कमी गेनवर बटण अर्धे फिरले तरी आवाज माफक राहतो. जास्त गेनवर थोडा धक्का लागला तरी आवाज एकदम अंगावर येतो. घरात लहान मूल असेल तर खटका कमीवरच ठेवावा. हेडफोन जोडताना बटण शून्यावर असावे आणि ॲम्प्लिफायर सुरू होतानाचा 'धप्प' आवाज होऊन गेल्यावर मगच तो कानाला लावावा.

खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. स्वस्त हेडफोन मोठ्या आवाजाला चिरकतो, कानाला टोचतो, आणि आपण आपोआप बटण मागे घेतो. चांगला हेडफोन आणि चांगला ॲम्प्लिफायर ९५ डेसिबललाही स्वच्छ वाजतो, म्हणून हात मागे येत नाही. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो आणि उघड्या पाठीच्या बऱ्याच हेडफोनमध्ये अगदी खालचा खर्ज थोडा उणाच असतो. तो भरून काढायला लोक सगळाच आवाज वाढवतात. त्यापेक्षा फोनमधल्या इक्वलायझरवर तेवढा खर्ज किंचित वाढवावा. दोन ॲम्प्लिफायरची तुलना करतानाही जो थोडा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. दुकानात दोन्हींचा आवाज सारखा करून मागायला लाजू नये.

अलीकडच्या फोनमध्ये जोरात ऐकू नका अशी सूचना येते. फोन आणि हेडफोनच्या मधे वेगळा ॲम्प्लिफायर बसला की कानात किती आवाज पोहोचतो आहे हे फोनला कळत नाही. ती राखण मग आपणच करायची. उघड्या हेडफोनला एक तपासणी फार सोपी आहे. गाणे चालू असताना हातभर अंतरावरून कोणी नेहमीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारली तर ती ऐकू यायला हवी. आली नाही तर आवाज जास्त आहे. बंद वाटीला ही परीक्षा चालत नाही.

कानाचा दाखला काढून ठेवा

हेडफोन काढल्यावर कानाला दडे बसल्यासारखे वाटणे, कानात रातकिडा ओरडल्यासारखा आवाज राहणे, ही थकलेल्या केसपेशींची तक्रार असते. पुष्कळदा ती रात्रभरात जाते आणि म्हणूनच विसरली जाते. वारंवार होऊ लागले, किंवा टीव्हीचा आवाज घरच्यांपेक्षा आपल्यालाच जास्त लागू लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने एकाएकी ऐकू येणे बंद झाले तर मात्र मळ असेल, सर्दी असेल म्हणत बसू नये. त्याच दिवशी जावे. अशा वेळी उपचार जितके लवकर तितका उपयोग जास्त.

मिहानमधल्यांना यासाठी फार लांब जायला नको. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालेले एम्स मिहानमध्येच आहे आणि तिथे कान-नाक-घसा विभाग आहे. मेडिकल आणि मेयोतही हा विभाग आहे. ऑडिओमेट्री ही तपासणी दुखत नाही. आवाज न येणाऱ्या खोलीत बसवून हेडफोन लावतात, निरनिराळ्या सुरांचे बारीक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचे. त्याचा आलेख हातात मिळतो. आलेखात ४००० हर्ट्झच्या जागी खड्डा पडला आहे का, एवढे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. रोज हेडसेट लावणाऱ्यांनी नोकरीच्या सुरुवातीलाच एक आलेख काढून फाइलला लावून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आलेखाशी ताडून पाहता येतो. तपासणीच्या आदल्या संध्याकाळपासून हेडफोन, बँड, फटाके यांपासून दूर राहावे आणि वेळ शक्यतो सकाळची, कामावर जाण्याआधीची घ्यावी. थकलेल्या कानाचा आलेख खरा येत नाही.